हाकेचं नाव

आईला माती देऊन एक रात्र उलटली होती. पाड्यावरच्या घराच्या ओट्यावर बसून कमलेशनं फोन चालू केला, तेव्हा कंपनीच्या ग्रुपवर प्रफुल्लनं टाकलेला मजकूर त्याला दिसला. 'आपल्या वारल्याच्या आई काल वारल्या. भावपूर्ण श्रद्धांजली.' शेवटी जोडलेले हात आणि समईचं चित्र. त्याच्या खाली निमेशचे हसणारे चेहरे, डोळ्यांतून पाणी काढत हसणारे, ओळीनं. मग आणखी कुणाकुणाचे. हसण्यासारखं काय आहे ते कमलेशला आधी कळलंच नाही. वारल्या म्हणजे तोच. तो वारली जमातीचा, म्हणून कंपनीत सगळे त्याला वारल्या म्हणत, आणि इतकी वर्षं म्हणत होते की तो शब्द आता त्याच्या कानाला कुठे टोचतही नव्हता. त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाचनात ते दोन सारखे शब्द एकमेकांवर आपटले आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा आपोआप वर गेला. म्हणजे तोही हसला होता. घरात आईची गोधडी अजून तशीच पडली होती, अंगणात आत्याचं रडणं मधूनच उसळून विझत होतं, आणि तो ओट्यावर बसून आईच्या मरणावर झालेल्या विनोदाला हसला होता. त्यानं हात तोंडावर नेला, कुणी बघितलं की काय म्हणून. फोनवर त्याच्या डोळ्यांदेखत ते वाक्य नाहीसं झालं. त्या जागी नवीन आलं. 'आपले सहकारी कमलेश गोमा वरठा यांच्या मातोश्री जमुनाबाई यांचे दुःखद निधन.' हसणारे चेहरेही गेले, त्यांच्या जागी जोडलेले हात आले. सगळं पुसून लख्ख झालं. त्याच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, त्याची मुलगी तेजल उभी होती. ती पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "पप्पा, मी वाचलं ते." मग फोनकडे बोट करून म्हणाली, "हे तुमचे मित्र?"

त्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. समोर डोंगराच्या उतारावर हलक्या वरकस जमिनीचे तुकडे पडले होते, त्यांत नाचणीची खुंटं. या उतारावर आई जन्मभर वाकली आणि गेल्या दोन पावसांत तिचा श्वासच तिला चढ चढू देईना. तो तिला म्हणायचा, बोईसरला ये, खोली आहे, डॉक्टर आहे. ती यायची आणि लगेच परत जायची. तिथल्या हवेत तिला गुदमरायला व्हायचं, नाल्याचा वास तिला झोपू द्यायचा नाही. पण खरं कारण ते नसावं असं त्याला कधीकधी वाटायचं. तो लहान असताना ती त्याला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली होती. त्याला ताप होता. बाकावर बसायला जागा असूनही ती भिंतीपाशी उकिडवी बसली होती आणि आतून आवाज आला होता, "ती वारलीण कुठं गेली? तिला पाठव आत." आवाज रागाचा नव्हता. कुणी भांडं मागावं तसा होता. आईनं झटक्यात पदर तोंडावर ओढला. बाकीच्या बायकांना त्या आवाजानं त्यांच्या नावांनी बोलावलं होतं. पोरगं म्हणून त्याला तेव्हा एवढंच कळलं, की आईलाही नाव आहे ही गोष्ट त्या खोलीत कुणाला ठाऊक नाही, आणि आई ती सांगणारही नाही.

त्याचा बाप गोमा मात्र त्या शब्दाला कधी बिचकला नाही. गोमा गवताच्या वखारीवर कामाला जायचा. गवत कापायचं, भारे बांधायचे, गंजी रचायची. शेटचा मुकादम लांबून ओरडायचा, "ए वारल्या, इकडं ये," आणि तिथं असलेले सगळेच वारली असल्यामुळे सगळेच वळून बघायचे, मग मुकादम ज्याच्याकडे बोट करील तो जायचा. कमलेशनं एकदा बापाला विचारलं होतं, तुला राग नाय येत? गोमा चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाला, "कसला राग? कोळ्याला कोळी बोलतात, बामनाला बामन बोलतात, आमी वारली तं वारली. त्यात खोटं काय हाय?" त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर उत्तर देता येत नव्हतं. पण कोळ्याला हाक मारताना मुकादमाचा आवाज सरळ जायचा आणि बापाला हाक मारताना तो वरून खाली उतरायचा, हे पोराच्या कानानं टिपलं होतं. बापाच्या कानानं टिपलं नव्हतं, किंवा टिपून कुठेतरी ठेवून दिलं होतं. गोमा मेला तेव्हा त्या शब्दात त्याच्यापुरतं तरी काही वाईट नव्हतं. तोच शब्द आयटीआयच्या आवारात कमलेशच्या अंगावर पडला, तेव्हा त्याला चार-पाच अर्थ चिकटले होते : दारू पिणारा, लंगोटीतला, सांगितलेलं न कळणारा, दिलेलं खाणारा. ज्यांनी तो शब्द वापरला त्यांच्यातल्या कुणाला वारली म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. एकानं तर दुसऱ्याच जातीच्या पोराला, त्याचा शर्ट मळलेला होता म्हणून, वारल्या म्हटलं होतं. आणि तो पोरगा हमरीतुमरीवर आला होता. मला वारल्या म्हणतोस? कमलेश बाजूलाच उभा होता. त्या भांडणात आपण कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे त्याला समजलं नव्हतं.

कंपनीत त्याला तो शब्द पहिल्यांदा कुणी चिकटवला ते आठवत नाही. प्रफुल्लनं चिकटवला नव्हता, त्यानं फक्त उचलला. प्रफुल्ल जळगावकडचा, कमलेशच्याच सुमारास लागलेला. दोघं बोईसरला एका खोलीत भाड्यानं राहायचे. सुक्या बोंबलाच्या वासानं प्रफुल्ल नाक धरून दाराबाहेर जाऊन बसायचा आणि ठेचा खाताना कमलेशच्या डोळ्यांतून पाणी आलं की पोट धरून हसायचा. एका पावसाळ्यात कमलेशला मलेरिया झाला. रिक्षा गल्लीत शिरेना, गुडघाभर पाणी. प्रफुल्लनं त्याला पाठीवर घेतलं. त्या पाठीवर गाल टेकून, थंडीनं दात वाजत असताना, कमलेशला ते ऐकू येत होतं, "ए वारल्या, झोपू नको रे भो. वारल्या, मरशील ना रे, माझ्याशी बोल." ओल्या शर्टाची ऊब, पाठीच्या आतून येणारा आवाज, आणि तो शब्द. त्या दिवसापासून त्या शब्दातून वाईट सगळं गळून गेलं असं त्यानं धरून चाललं. तोच मग फोनवर म्हणू लागला, "वारल्या बोलतोय." शिफ्टला नवीन कुणी आला की तोच हात पुढे करून सांगायचा, "मला वारल्या म्हणतात." त्यानं प्रफुल्लसाठी दार उघडं ठेवलं आणि त्या दारातून सगळे आत आले. निमेश आला, तारापूरजवळच्या पाम गावचा, जिभेनं चटपटीत. कंत्राटदार आले, सुपरवायझर आले, कँटीनचा भैया आला. ओळखीच्या आवाजांच्या गर्दीत कोण कुठल्या अर्थानं म्हणतोय ते वेगळं काढायचं त्यानं सोडून दिलं. वेगळं काढायला गेलं असतं तर रोज काढावं लागलं असतं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं कँटीनची भिंत रंगवून घेतली. गेरूवर पांढरी माणसं, त्रिकोणी छाती, काडीचे हातपाय, मधे भोपळ्याचा तारपा वाजवणारा. वसईहून दोन शिकलेल्या मुली आल्या होत्या रंगवायला. ऑफिसातल्या पुष्पलता मॅडम कमलेशला शोधत प्लँटवर आल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "तुम्ही ऑथेंटिक वारली ना? भिंतीसमोर उभे राहा, फोटो हवाय." त्यांनी तो शब्द इतका हळुवार, इतका जपून उच्चारला, की कमलेशनं मागे वळून बघितलं. हेल्मेट काढून तो भिंतीसमोर उभा राहिला. त्याला चित्र काढता येत नव्हतं. त्याच्या घरी लग्नात बायका काढायच्या. तो फोटो त्यानं आईला दाखवला. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं, "ह्यात तू कुठं हायस?" तो म्हणाला, हा काय, मधे. ती म्हणाली, "हां, हां. मना वाटलां भिंतीतला."

"तुम्ही काहीच बोलणार नाही ना?" तेजल त्या दिवशी ओट्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली. तिच्या गळ्यात लाकडी मण्यांची माळ होती. ती कॉलेजात सगळ्यांसमोर उभी राहून सांगायची, मी वारली आहे. मोबाईलवर तसे व्हिडिओ टाकायची, तारप्यावर नाचताना, आणि खाली शेकडो लोक लाल बदाम पाठवायचे. "वारली म्हटलं की ओळख. वारल्या म्हटलं की शिवी. एवढं साधं आहे पप्पा."

"एवढं साधं नाय," तो म्हणाला.

"मग काय आहे?"

त्याला पाठीची गोष्ट सांगायची होती. ओल्या शर्टाची. पण ती सांगायला लागलं की ती मलेरियाची गोष्ट व्हायची, शब्दाची व्हायची नाही. "प्रफुल्लच्या मनात काही नव्हतं," तो म्हणाला. "त्याच्या ध्यानातच आलं नाय."

"तेच तर," तेजल म्हणाली. "आजी मेलेली, आणि त्याच्या ध्यानातच आलं नाही." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "तुम्ही हसलात ना पप्पा? मी मागून बघितलं."

तो कामावर परतला तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत प्रफुल्ल एकटाच बूट घालत होता. त्यानं उठून कमलेशला मिठी मारली, घट्ट. "यायला पाहिजे होतं रे मी. बदली माणूस मिळाला नाही. आई लई चांगली होती भो तुझी, मला भाकरी बांधून द्यायची." ते खरं होतं. त्याच्या खांद्यावरून कमलेशला लॉकरवरचा आरसा दिसत होता, त्यात स्वतःचं अर्धं तोंड. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं आपलं आहे की तेजलचं, हे बघायला तो थांबला नाही.

"प्रफुल्ल, मला वारल्या नको म्हणू."

प्रफुल्लचे हात तसेच राहिले. "तो मेसेज? अरे, मी लगेच काढला. देवाशपथ, लिहिताना डोक्यातच आलं नाही. निमेशला मी फोनवर झापलं."

"मेसेजचं नाय. एरवीही. कमलेश म्हण."

प्रफुल्ल मागे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरात शिरताना ओळखीच्या पायरीला ठेच लागावी तसा तो झाला होता. "इतकी वर्षं तुला वाईट वाटत होतं?"

"नाय. वाटत नव्हतं."

"मग?"

"आता वाटतं."

"म्हणजे मी इतकी वर्षं तुला शिवी देत होतो," प्रफुल्ल म्हणाला. "आणि तू ओ देत होतास." तो खाली बसला आणि बांधलेल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. "माझ्या पोरांना काय सांगू? ती तुला वारली काका म्हणतात."

हे कसं बाहेर गेलं कोण जाणे. प्रफुल्लनं सांगितलं नसणार. तो सांगणारा नव्हता. कदाचित दारापाशी कुणी असेल. दोन-तीन दिवसांत सगळ्या शिफ्टला ठाऊक झालं, की वारल्याला वारल्या म्हटलेलं चालत नाही, त्याची पोरगी कॉलेजात चळवळी करते, उद्या केस करील. कुणी भांडलं नाही. त्यापेक्षा वाईट झालं, ते सगळे सभ्य झाले. निमेश कँटीनमध्ये उठून उभा राहिला आणि खुर्ची मागे ओढत म्हणाला, "या कमलेशसाहेब, बसा." हशा झाला. दुसऱ्या दिवशी कुणी चहाचा कप दोन्ही हातांनी पुढे केला, "साहेब, चहा." आठवड्याभरात नुसतं साहेब राहिलं. बसमध्ये साहेब, गेटवर साहेब, पाइपांच्या पलीकडून हेल काढून साऽहेब. त्या शब्दात आता सगळं येऊन बसलं होतं, जे पूर्वी दुसऱ्या शब्दात होतं, दारू, लंगोटी, दिलेलं खाणं, आणि वर आणखी एक नवीन : बघा, याला आता मान हवाय. तक्रार करायला जावं तर काय सांगणार, मला साहेब म्हणतात? आणि प्रफुल्ल त्याला काहीच म्हणत नव्हता. तो जवळ येऊन थांबायचा, कमलेशनं बघेपर्यंत वाट बघायचा, मग कामाचं बोलायचा. कधी "ऐक ना" म्हणायचा. त्याच्या तोंडात नावाची जागा रिकामी होती, पडलेल्या दातासारखी, आणि कमलेशला दिसायचं की प्रफुल्लची जीभ सारखी तिथंच जाते. हाका ऐकायचं कमलेशनंच मग बंद केलं. साहेब म्हटलं की तो वळायचा नाही. माणूस समोर येऊन उभा राहिला तरच बोलायचा. हे त्याला जमू लागलं, सवयीचं झालं, आणि त्यात थोडा ताठाही होता. पाठ ताठ ठेवून आपल्या कामाकडे बघत राहण्याचा.

तो दिवस टँकर रिकामा करायचा होता. कॉस्टिकचा टँकर होता. तो द्राव अंगावर पडला तर कातडी साबणासारखी बुळबुळीत करून आत उतरतो. खाली प्रफुल्ल आणि निमेश पाइप जोडायला, आणि वर जाळीच्या मचाणावर, पंपाच्या बटनापाशी, कमलेश. समोर टाकीची पातळी दाखवणारी काच. पातळी हळूहळू चढत होती. उन्हाचा पत्र्यावरचा कढ तोंडावर येत होता, पंप एकसुरी घरघरत होता, आणि त्याच्या डोक्यात आईच्या दिवसांचं चाललं होतं : दिवस घालायला पाड्यावर कुणाकुणाला बोलवायचं, प्रफुल्लला बोलवायचं की नाही. तेवढ्यात खालून निमेश ओरडला, "साहेब!" कमलेश काचेकडे बघत राहिला. "साहेब! ओ कमलेशसाहेब! बंद करा! बंद!" आवाज नेहमीपेक्षा उंच होता. तो उंच होता हे कमलेशला कळलं. पुढे कितीतरी दिवस तो त्या कळण्याकडे परत परत जाणार होता. आवाज उंच आहे हे त्याला कळलं होतं आणि तरी मानेमागे तो ओळखीचा ताठा येऊन बसला होता. बंद काय करायचं, खाली सगळे हसायला टपलेत. मान वळवली की हरलो. मग दुसरा आवाज आला, फाटलेला, पोटातून आलेला. "वारल्याऽ!"

त्याचं अंग त्याच्या आधी वळलं. हात बटनावर पडला, पंप थांबला. खाली पाइपाचा सांधा सुटून पांढरा फवारा भिंतीला आडवा चालला होता, तो लुळा पडला. प्रफुल्ल गुडघ्यांवर होता, संरक्षक चष्मा कपाळावर सरकलेला, दोन्ही तळवे तोंडावर. कमलेश शिडीवरून कसा उतरला ते त्याला आठवत नाही. त्यानं प्रफुल्लला काखेत धरून शॉवरखाली ओढलं, साखळी खेचली, बोटांनी त्याच्या पापण्या उघड्या धरल्या आणि पाण्याखाली तो त्याच्या कानाशी ओरडत राहिला, "डोळे उघड, प्रफुल्ल, उघड, मिटू नको." प्रफुल्ल नुसता त्याच्या मनगटाला धरून होता.

चौकशीला नरहरी सर बसले होते, सुरक्षेचे अधिकारी, शांत माणूस. ते म्हणाले, "निमेश सांगतो, त्यानं तुम्हाला दोनदा हाक मारली. ऐकू आली नाही का?"

"आली."

"मग?"

"मला वाटलं थट्टा चालली आहे."

"थट्टा? काय म्हणाला तो?"

"साहेब म्हणाला."

नरहरी सरांनी त्याच्याकडे बघितलं. "साहेब म्हणण्यात थट्टा काय?"

कमलेशनं तोंड उघडलं. कुठून सुरुवात करायची ते त्याला दिसत होतं, वखारीपासून, दवाखान्याच्या भिंतीपासून, पाठीपासून, आणि हेही दिसत होतं की त्यातलं काहीही या टेबलावर ठेवलं की ते सबब म्हणून पडून राहील. शेजारच्या खुर्चीवर निमेश बसला होता, हाताला पट्टी, चेहरा राखेसारखा. तो एकदम रडू लागला. "सर, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी खरंच बोलावत होतो. पण आम्ही रोज तसंच बोलावतो." नरहरी सरांच्या हाती त्यातून काही लागलं नाही. पंपाच्या आवाजात हाक पोचली नाही, असं ठरलं. प्लँटमध्ये यापुढे हाताच्या खुणा वापराव्यात, टोपणनावानं हाका मारू नयेत, असा फलक लागला.

दवाखान्यात तो गेला तेव्हा प्रफुल्ल औषधानं झोपला होता, अर्ध्या तोंडावर कापूस. बाहेरच्या बाकावर त्याची बायको प्रतीक्षा बसली होती. इतक्या वर्षांत तिनं त्याला किती वेळा वाढलं होतं, सणावाराला घरी बोलावलं होतं. ती त्याला नेहमी वारली भाऊजी म्हणायची, आणि ते त्याला कधी खटकलं नव्हतं, तिच्या तोंडी ते चुलत्यामामाच्या नावासारखं लागायचं. आता तिनं मान वर केली आणि नुसती बघत राहिली.

"उजवा डोळा गेला," ती म्हणाली. "डावा राहील म्हणतात."

तो उभाच होता.

"ह्यांनी मला तुमचं दुसरं नाव कधी सांगितलंच नाही हो. मला आपलं वाटायचं, वारली हे आडनाव आहे. परवा कंपनीचा माणूस आला, तो म्हणाला, पंपावर कमलेश होता, त्यानं हाक ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी म्हटलं, हा कोण कमलेश?" तिनं ओढणी मुठीत गोळा केली. "रात्रभर मी इथं बसून त्या कमलेशला तळतळाट दिले. त्याचं वाटोळं होवो म्हटलं. त्याच्या पोरीबाळींना म्हटलं. आणि देवाला सांगत होते, आता वारली भाऊजी येतील, तेच बघतील सगळं. सकाळी निमेश आला, त्याला विचारलं, भाऊजी का आले नाहीत अजून. तेव्हा तो बोलला."

कमलेशला काहीतरी बोलायला हवं होतं. ती थांबली होती; त्याच्या बोलण्यासाठीच थांबली होती. पण आत जो कुणी बोलणार होता तो दोघांत फाटला होता, एकाला शाप लागला होता आणि दुसऱ्याची वाट बघितली गेली होती. दोघांपैकी कुणाच्या तोंडानं क्षमा मागायची? तिचे पाय शिवावेत म्हणून तो वाकला, पण तिनं पाय मागे घेतले.

घरी त्यानं तेजलला सगळं सांगितलं, ताठा आला होता तेही. तिनं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. मग म्हणाली, "चूक तुमची नाही पप्पा. त्यांनी नावाची शिवी केली." तिचं म्हणणं बरोबर होतं. गोमाचंही बरोबर होतं. इतकी बरोबर माणसं आपल्या घरात आहेत, आणि एका माणसाचा डोळा गेला. तो जेवणाच्या ताटावर तसाच बसून राहिला. तेजलनं गळ्यातली माळ काढली नाही, पण जेवताना ती तिच्याशी चाळा करत होती, एकेक मणी पुढे सारत.

प्रफुल्ल परत आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. त्याला प्लँटवर घेणं शक्य नव्हतं. कंपनीनं त्याला गेटवरच्या खोलीत बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास बघायला. कमलेशनं शिफ्ट बदलून घेतली होती, त्यामुळे पहिले काही दिवस गाठ पडली नाही. पडली तेव्हा बसमधून उतरलेली माणसं त्याच्या मागे रांगेत होती, छत्र्यांचं पाणी एकमेकांवर गाळत. खिडकीच्या काचेआड प्रफुल्ल बसला होता. उजव्या डोळ्यावर काळी काच, गालावर उतरत गेलेली गुलाबी, चकचकीत कातडी. त्यानं डावा डोळा वर केला, त्याला नेमकं धरायला थोडा वेळ लागला.

"या कमलेश," तो म्हणाला.

आवाज सरळ होता. वरून खाली उतरला नाही, कुठे हेल नव्हता, टोचणारं काही नव्हतं. याच आवाजात त्यानं आधीच्या माणसाला नावानं बोलावलं होतं आणि मागच्यालाही बोलावलं असतं.

"कसा हायस?" कमलेशनं विचारलं.

"बरा आहे. तुम्ही बरे आहात ना?"

तुम्ही. कमलेशला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. प्रफुल्लनं पास हातात घेतला, डाव्या डोळ्याजवळ नेला, बघितला, परत दिला. त्याची बोटं कमलेशच्या बोटांना लागली, ती गरम होती. ती लगेच काढून घेतली असंही झालं नाही.

"प्रफुल्ल, मला तुम्ही नको म्हणू," कमलेश खिडकीशी वाकून, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला. "काही म्हण. पाहिजे तर घाण शिवी दे."

प्रफुल्लनं मान हलवली. त्यात राग नव्हता, आणि तो चेष्टाही करत नव्हता. लांबच्या प्रवासाहून आलेला माणूस पुन्हा कुठे जायचं म्हटलं की मान हलवतो, तशी.

"नको," तो म्हणाला. "असंच बरं आहे. आत जा तुम्ही, मागे माणसं भिजतायत."

कमलेशनं पास खिशात घातला. मागून कुणीतरी खांद्याला हलकंच रेटलं, आणि तो आत गेला.